कुणाचं बाळ, कुणाची आग

एका बाईने सूडापोटी शत्रूचं बाळ आगीत फेकलं आणि भानावर येऊन पाहिलं, तर ते तिचंच होतं. ज्युझेप्पे व्हेर्दीच्या ‘इल त्रोवातोरे’ या ऑपेरातली सगळी भानगड इथून सुरू होते. हाती उरलेलं शत्रूचं पोर ती आपलं म्हणून वाढवते. तोच हा मान्रिको; पुढे सख्ख्या भावाशी लेओनोरा या एकाच मुलीपायी लढतो, आणि आपण भाऊ आहोत याचा दोघांनाही पत्ता नाही. त्यात द्वंद्वयुद्ध, लढाई, अटक असं महत्त्वाचं सगळं दोन अंकांच्या मधे उरकलेलं असतं. संहिता लिहिणारा काम्मारानो तर १८५२ साली काम पुरं होण्याआधीच वारला. तरी १८५३च्या जानेवारीत रोममध्ये पहिला प्रयोग झाला, तेव्हा प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला.

का, ते दुसऱ्या अंकात कळतं. जिप्सींच्या तळावर पहाट झालेली, ऐरणीवर घण पडताहेत, खरेखुरे, तालात. तो दणदणाट ओसरला की अझुचेना, बाळ आगीत फेकणारी तीच बाई, गाऊ लागते. तिच्या आईला जाळलं त्या चितेचं हे गाणं. चाल छोटी, तीन मात्रांत झुलणारी, पुन्हापुन्हा त्याच सुरांशी येऊन अडणारी. मग ती मान्रिकोला जुनी हकिगत सांगू लागते. सांगता सांगता तिचे शब्द तुटायला लागतात, आणि नेमकी तेव्हा व्हायोलिनं हळूच तीच चितेची चाल वाजवतात. बाई मुलाशी बोलतेय, पण तिच्या डोळ्यांपुढे काय जळतंय ते वाद्यवृंद आपल्याला परस्पर सांगून टाकतो! इटालियनचा एक शब्द येत नसला तरी अंगावर काटा येतो.

चौथ्या अंकात व्हेर्दी आणखी पुढे जातो. आतून भिक्षूंची मरणाऱ्यासाठीची प्रार्थना, घंटेचे टोल, बुरुजात कोंडलेल्या मान्रिकोचा हार्पच्या साथीने येणारा आवाज, आणि समोर धाप लागल्यासारखी गाणारी लेओनोरा. रंगमंचावर दिसते ती एकटी. ऐकू येतं ते अख्खं संकट.

मान्रिकोच्या एका गाजलेल्या गाण्यातला वरचा ‘सी’ सूर मात्र व्हेर्दीने लिहिलेलाच नाही. गायकांनी तो घातला, श्रोते त्यासाठी ताटकळू लागले, आणि तो पक्का झाला. ‘वन्समोअर’ देणाऱ्या संगीत नाटकाच्या रसिकांना हे नवल वाटायचं नाही.

व्हेर्दीने गोंधळाची गोष्ट निभावून नेली, असं म्हणतात. मला ते पटत नाही. घटना पडद्यामागे ढकलल्या म्हणून तर समोरची जागा भीती, मत्सर आणि आठवणींना मोकळी मिळाली. तेव्हा सारांश वाचत बसू नका. दुसऱ्या अंकाचं पहिलं दृश्य लावा. कुणाचं बाळ कोणतं, ते नंतर बघता येईल.