साग घ्यायचा की दुसरं काही? आधी काम बघा

शहाद्यात घरून काम करायला मी टेबल बनवतोय, म्हणून आजचा भाग लाकडावर. 'सागच घ्या' असं सगळेच सांगतात. पण कोड लिहिण्याआधी जशी गरज समजून घेतो, तसं इथेही आधी काम बघायचं.

बैलगाडीचं घ्या. चाकाला दणके बसतात, म्हणून तिथे कठीण, चिवट बाभूळ. दाराच्या चौकटीला ऊन, पाऊस, वाळवी सोसायची असते, म्हणून साग. त्यात नैसर्गिक तेल असतं. मात्र वाळवीला दाद न देणारा तो तपकिरी गाभा. कडेचं पांढरट लाकूडही सागाचंच, पण ते वाळवी खाते. त्यामुळे सागाचे पैसे मोजताना फळीचा रंग बघा.

दुसरं म्हणजे लाकूड वाळलेलं हवं. ओली फळी आपल्या मे महिन्यात आकसते. लांबीत जवळपास नाहीच, पण रुंदीत बरीच. मग ती वाकते, सांधे उघडतात.

माझं टेबल घरातच राहणार. म्हणून मी नीट वाळवलेला कडुनिंब घेतोय. तो महोगनीच्याच कुळातला आणि कीड सहसा न लागणारा. तुम्हीही सुताराला आधी सांगा, वस्तू कुठे राहणार आणि काय सोसणार. लाकडाचं नाव त्यानंतर.