वाशीमहून कोल्हापूरला, एका सामन्यासाठी

नागपूरहून कोल्हापूरला जाणारी एक एक्स्प्रेस आठवड्यातून दोन दिवस आपल्या वाशीम स्टेशनात थांबते. रात्री तिच्यात बसायचं. हिंगोली, पूर्णा, परभणी झोपेतच मागं पडतात. लातूर, बार्शी, कुर्डुवाडी करत गाडी पंढरपूरला येते तेव्हा डब्यातली निम्मी माणसं विठोबासाठी उतरतात. दुपारी ती छत्रपती शाहू महाराज टर्मिनसला लागते, म्हणजे कोल्हापूरला. विदर्भाच्या या कडेपासून महाराष्ट्राच्या त्या कडेपर्यंत, एका तिकिटावर आणि एका बाकावर बसून.

हे वाटतं तितकं साधं नाही. 2008 पर्यंत वाशीमवरून जाणारी गाडी मीटरगेजची होती, दोन रुळांत 1 मीटर अंतर. लातूर ते मिरज या टप्प्यात बार्शी लाईट रेल्वे होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने 1897 साली कुर्डुवाडी-बार्शीपासून तिची सुरुवात केली, आणि तिच्या रुळांतलं अंतर होतं अवघं 762 मिलिमीटर. मिरज ते कोल्हापूर हा कोल्हापूर संस्थानाचा मार्ग, 1891 चा, तोही मूळचा मीटरगेज. म्हणजे आपल्या आजोबांना हाच प्रवास करायचा असता तर वाटेत पुन्हा पुन्हा उतरून, बोचकं डोक्यावर घेऊन, वेगळ्या मापाच्या गाडीत चढावं लागलं असतं. आज सगळीकडे 1,676 मिलिमीटरचा ब्रॉडगेज आहे. रुळांतलं अंतर एक झालं आणि शनिवार-रविवारच्या सुट्टीत जाता येतील अशी गावं एकदम वाढली.

यातल्या एका गावाला मी फुटबॉल पाहायला गेलो. अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा सगळं आहेच. पण ज्याला फुटबॉलचं कुतूहल आहे त्याने कोल्हापूरच्या पेठांचा सामना पाहिल्याशिवाय राहू नये, असं माझं ठाम मत आहे.

त्याचं कारण कळायला आधी आपल्याकडे पाहू. कॉलेजचा सामना म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम असे पाच जिल्हे येतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी रिसोडची, कारंज्याची, मंगरूळपीरची पोरं बॅगा पाठीला लावून पहाटेची एसटी पकडतात. खेळ जीव तोडून होतो. पण प्रेक्षक कोण? बहुतेक वेळा पुढच्या सामन्याचे खेळाडू, क्रीडाशिक्षक आणि कडेला सायकल टेकवून उभं राहिलेलं एखादं पोरगं.

आता पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला जाऊ. अमेरिकेत मिशिगन राज्यात अॅन आर्बर नावाचं विद्यापीठाचं गाव आहे, लोकवस्ती सव्वा लाखाच्या आसपास. तिथल्या विद्यापीठाचं मैदान 1927 साली उघडलं आणि आज त्यात एक लाख सात हजारांहून अधिक माणसं बसतात. 2011 च्या जनगणनेत वाशीम शहराची लोकसंख्या 78 हजारांच्या आसपास होती. म्हणजे अख्खं वाशीम, तान्ह्या बाळापासून अंथरुणाला खिळलेल्या आजीपर्यंत, त्या मैदानात नेऊन बसवलं तरी जवळजवळ 30 हजार जागा रिकाम्या राहतील. आणि हे सगळं विद्यार्थ्यांच्या सामन्यासाठी! शरद ऋतूतल्या शनिवारी दूरदूरची माणसं गाड्या काढून त्या शहरात येतात, रात्री मुक्काम करतात, आणि शिक्षण संपून चाळीस वर्षं झालेली माणसंसुद्धा आपल्या कॉलेजच्या रंगाचे कपडे घालून बसतात.

त्या खेळाला ते फुटबॉल म्हणतात, पण त्यात चेंडू हातात घेऊन पळतात, डोक्यावर शिरस्त्राणं नि अंगावर कवचं असतात. गंमत अशी की त्याचं मूळ आपल्या ओळखीच्या फुटबॉलजवळचं आहे. 6 नोव्हेंबर 1869 रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांत पहिला सामना झाला तेव्हा एका बाजूला 25 खेळाडू होते, आणि चेंडू हातात धरून पळायला मनाई होती. नियम लंडनच्या फुटबॉल असोसिएशनच्या 1863 च्या नियमांवर बेतलेले. रटगर्सने 6 विरुद्ध 4 गोलांनी सामना जिंकला. पुढे वाटा फुटल्या. एक वाट मिशिगनला गेली. दुसरी गोऱ्या पलटणींबरोबर हिंदुस्थानात आली, 1911 साली कोलकात्यात अनवाणी खेळणाऱ्या मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर पलटणीला हरवून आयएफए शील्ड जिंकली, आणि त्याच सुमारास ती कोल्हापूरच्या तांबड्या मातीतही उतरू लागली.

तांबड्या मातीत, हे शब्दशः खरं आहे. कोल्हापूरच्या नावाजलेल्या फुटबॉल संघांची नावं वाचा: पाटाकडील तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, ऋणमुक्तेश्वर तालीम. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा. मातीचा हौद, भिंतीवर मारुती, कोपऱ्यात मुद्गल. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, रोमचं कलोसियम पाहून आल्यावर खासबागेचं गोल मैदान उभारलं, ते 1912 साली पुरं झालं. पेठेपेठेत तालमी होत्याच. त्या नुसत्या व्यायामाच्या जागा नव्हत्या. भांडणं मिटवणं, गणपती बसवणं, अडल्यानडल्याला धावणं, पोरांवर डोळा ठेवणं, हे सगळं तालमीच्या कट्ट्यावर होई. मग एक परका खेळ आला. त्याच्यासाठी नवे क्लब काढायच्या ऐवजी कोल्हापूरने तो तालमीच्या ओसरीवर आणून ठेवला. पैलवानांच्या घरात फुटबॉल वाढला!

मला यातलं सगळ्यात मोठं आश्चर्य इथंच वाटतं. मिशिगनमध्ये माणसाला संघ मिळतो तो कॉलेजमधून. कोल्हापुरात तो जन्माने मिळतो, तुमचं घर कोणत्या पेठेत आहे त्यावरून. तिथं पदवी घेऊन जे नातं जुळतं, ते इथं पाळण्यातच जुळलेलं असतं. 1940 साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली केएसए, स्थापन झाली आणि या पेठांच्या चुरशीला वेळापत्रक मिळालं. आज तिच्या वरिष्ठ गटात 16 संघ खेळतात. शिवाजी पेठेचं शिवाजी तरुण मंडळ आणि मंगळवार पेठेची पाटाकडील तालीम, जिला सगळे पीटीएम म्हणतात, समोरासमोर आले की दुकानांची शटर लवकर ओढली जातात.

राजर्षी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर जागा शोधत होतो तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी पहिला प्रश्न विचारला, "पावणं, पेठ कुठली?"

"मी वाशीमचा, काका."

"वाशीम? लई लांबनं आलाय की. मग आज आमच्यात बसा."

त्यांनी सरकून जागा दिली. भडंगाचा पुडा पुढे केला. पेठ नसलेल्या माणसाला पेठ मिळायला इतकाच वेळ लागला.

सामना सुरू झाला आणि मी मैदानापेक्षा जास्त वेळ कान देऊन बसलो. फुटबॉलचं मैदान साधारण 105 मीटर लांब असतं. पलीकडच्या टोकाला गोलरक्षकाने चेंडू लांब मारला की पाय आधी दिसतो आणि थप् असा आवाज नंतर येतो. आवाज सेकंदाला 340 मीटरच्या आसपास जातो, म्हणजे 100 मीटर यायला त्याला सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा लागतो. आपल्या रानात बांधापलीकडे कोणी लाकूड फोडत असेल तर कुऱ्हाड आधी खाली येते आणि ठोका मागाहून ऐकू येतो, तेच हे. त्यामुळे हजारो माणसं एकदम ओरडली तरी तो आवाज कधीच एका क्षणाचा नसतो. जवळच्या पायऱ्यांची आरोळी आधी येते, दूरची मागाहून येऊन तिच्यात मिसळते, वरून हलगी कडकडत असते. गोल झाल्यावरची ती गर्जना लाटेसारखी अंगावरून जाते असं आपण म्हणतो, आणि ती खरोखरच लाट असते, हवेच्या दाबाची.

ही लाट पंचाच्या कानावरही आदळते. इंग्लंडमध्ये संशोधकांनी याचा फार सुंदर प्रयोग केला, तो 2002 साली प्रसिद्ध झाला. लिव्हरपूल आणि लेस्टर यांच्या सामन्यातल्या 47 झटापटींचं चित्रीकरण त्यांनी 40 प्रशिक्षित पंचांना दाखवलं. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासकट, काहींना आवाज पूर्ण बंद करून. चित्र तेच, खेळाडू तेच, पाय तेच. पण ज्यांनी आवाज ऐकला त्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे साडेपंधरा टक्के कमी फाऊल दिले. कोणी लाच दिली नव्हती, कोणी धमकावलं नव्हतं. नुसत्या आवाजाने डोळ्यांचा निवाडा वाकवला. पुढे करोनाच्या काळात जगभर रिकाम्या मैदानांत सामने झाले तेव्हा यजमानांचा हा फायदा कमी झालेला दिसला.

आणि आता कोल्हापूरकडे पाहा. तिथं यजमान कोण? सोळाच्या सोळा संघ त्याच एका शाहू स्टेडियमवर खेळतात. पाहुणा संघ असा कोणी नाहीच. दोन पेठा हाकेच्या अंतरावरच्या, दोन्हीकडची माणसं दुपारीच येऊन आपापल्या बाजूच्या पायऱ्या धरतात, आणि मधे शिट्टी घेऊन उभा असलेला पंच दोन्ही कानांनी दोन घरचे आवाज ऐकत असतो. जगातल्या बहुतेक लीगमध्ये आवाजाचं पारडं एका बाजूला झुकलेलं असतं. इथं ते समतोल राहतं, आणि म्हणून प्रत्येक शिट्टीवर अर्धं मैदान खवळतं. त्या पंचांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

या प्रेमाची काळी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. चुरस पेठेची असल्यामुळे पराभव घरच्या अपमानासारखा लागतो. हुल्लडबाजी झाली आहे, दगड उडाले आहेत, सामने थांबवावे लागले आहेत, पोलीस बंदोबस्त वाढवावा लागला आहे. ज्या तालमींनी पोरांना शिस्त लावली त्यांच्याच नावाने हे व्हावं याचं तिथल्या जुन्या माणसांना फार वाईट वाटतं. मी बसलो होतो तिथंही एका पोराच्या तोंडून शिवी गेली तेव्हा त्याच काकांनी मागं वळून नुसतं पाहिलं, आणि ते पोरगं गप्प झालं.

पैशाचा हिशेब मात्र मला थक्क करून गेला. या संघांमागे मोठा मालक नाही, दूरचित्रवाणीचा करार नाही. वर्गणी, पेठेतले व्यापारी, एखादा हौशी पुढारी, यावर गाडं चालतं. लीगनंतर वेगवेगळ्या चषकांच्या स्पर्धा होतात, त्यांनाही असेच दाते. हंगामाआधी केएसएकडे खेळाडूंची नोंदणी होते तेव्हा कोण कुठल्या तालमीकडे गेला याची चर्चा चहाच्या गाड्यांवर दिवसदिवस चालते. अलीकडे काही संघ आफ्रिकेतल्या खेळाडूंनाही आणतात, आणि पेठेच्या गल्लीत नायजेरियाचा तरुण पोरांच्या गराड्यात फिरताना दिसतो. विश्वचषक आला की चौकाचौकात मेस्सी आणि रोनाल्डोचे दोनतीन मजली कटआऊट उभे राहतात. जग या पेठांत येतं, आणि पेठाही जगात जातात. 2017 साली भारतात सतरा वर्षांखालच्या मुलांचा फिफा विश्वचषक झाला तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्याचे वडील रिक्षा चालवायचे. घाना, कोलंबिया, अमेरिका यांच्याविरुद्धच्या सामन्यांसाठी दिल्लीला गेलेला हा मुलगा ज्या शहराचा, त्या शहरात फुटबॉल खेळण्यासाठी कोणाला श्रीमंत असावं लागत नाही. फक्त संध्याकाळी मैदानावर जावं लागतं.

वाशीमला परतताना मी हाच विचार करत होतो. आपल्याकडे मैदानं नाहीत असं नाही, पायांत दम असलेली पोरं नाहीत असंही नाही. जत्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलीला आपल्याकडेही गावंच्या गावं लोटतात, आपल्या गावचा पैलवान चीत झाला तर रात्री जेवण गोड लागत नाही. ही ओढ आहेच. कॉलेजच्या पोरांच्या सामन्याला ती अजून कोणी वळवलेली नाही. कोल्हापूरने तालमीकडची ओढ चेंडूकडे वळवली, मिशिगनने वर्गाकडची वळवली. त्यासाठी एक लाखाचं मैदान आधी लागलं नाही. माणसं आधी आली, पायऱ्या मागाहून बांधल्या गेल्या.

तुम्हाला जायचं असेल तर हंगाम साधारण हिवाळ्यात सुरू होतो आणि पावसाळ्याआधी आटोपतो. सामने दुपारी होतात, तेव्हा टोपी आणि पाणी जवळ ठेवा. स्टेशनवरून रिक्षावाल्याला शाहू स्टेडियम म्हणा. तो बहुधा तुम्हाला वाटेतच विचारेल की आज कोणाकडून आहात. आधी ठरवून गेला असाल तर बरं, नाहीतर तो स्वतःची पेठ सांगेल आणि स्टेडियम येईपर्यंत तुम्ही तिचे झालेले असाल.