वाढत्या नगराची ग्रंथालये



नगर वाढू लागले म्हणजे आपण प्रथम रस्ते, पाणी आणि बाजार ह्यांची काळजी वाहतो, आणि ते योग्यच आहे. ग्रंथालयाची आठवण मात्र सर्व मोक्याच्या जागा विकल्या गेल्यावर होते; मग एखाद्या इमारतीच्या जिन्याखालची अंधारी खोली त्याच्या वाट्यास येते. आपल्या परभणीचे असे होऊ नये, एवढ्यासाठी आजचे हे भाषण आहे.

प्रारंभी एक कबुली दिली पाहिजे. माझे शालेय शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढचे जे काही मिळाले ते वाचनालयांतून. असे असूनही एका शाळेत ग्रंथांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आली, तेव्हा पुस्तक हरवल्यास किंमत आपल्याला भरावी लागेल ह्या धास्तीने मी ते कपाट क्वचितच उघडीत असे. वर्षअखेरीस मोजदाद झाली. एकही पुस्तक कमी भरले नाही आणि मला शाबासकी मिळाली. पुढे एका पावसाळ्यात कपाट उघडून पाहतो तो खालच्या दोन फळ्या वाळवीने फस्त केलेल्या. मुलांच्या हातून जपलेली पुस्तके मी वाळवीच्या स्वाधीन केली होती.

ही चूक माझ्या एकट्याची नव्हे. ग्रंथालय म्हणजे ग्रंथ राखण्याची जागा, ही समजूत जुनीच आहे. ती मोडून काढली डॉ. रंगनाथन ह्यांनी. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. ग्रंथ हे उपयोगासाठी असतात, हे पहिले सूत्र. आणि ग्रंथालय ही सजीव प्राण्यासारखी वाढत जाणारी संस्था आहे, हे शेवटचे. नगररचनेच्या दृष्टीने ही दोन सूत्रे ध्यानात ठेवली तरी पुष्कळ काम होईल.

पहिल्या सूत्राचा अर्थ असा, की ग्रंथालय वाचकाच्या वाटेवर असले पाहिजे. २०११ च्या जनगणनेत परभणी शहराची वस्ती तीन लाखांच्या वर गेली आणि त्याच वर्षी येथे महानगरपालिका झाली. गणेश वाचनालयासारख्या संस्थांनी येथे वाचनाची आवड जोपासली, बी. रघुनाथांसारखा कवी आणि कादंबरीकार ह्याच गावात राहून लिहीत होता. परंतु जुन्या गावाला पुरणारे वाचनालय नव्या वसाहतींना कसे पुरावे? शाळा सुटल्यावर मुलीने दोन-तीन मैल जाऊन दिवेलागणीच्या आत परत यावे, अशी अपेक्षा कोणते घर करील? पंचवीस हजार वस्तीस एक शाखा धरली तरी बारा शाखा लागतात. त्या भव्य नसल्या तरी चालेल; घरापासून पायी पंधरा मिनिटांत गाठता येतील अशा असाव्यात. मध्यवर्ती ग्रंथालयाने मोठे कोश, संदर्भग्रंथ आणि जुनी नियतकालिके सांभाळावीत आणि शाखांकडे पुस्तकांच्या पेट्या फिरत्या ठेवाव्यात.

ही कल्पना नवी नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन तज्ज्ञास बोलावून मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यापर्यंत अशी व्यवस्था उभी केली. जेथे ग्रंथालय नाही तेथे पुस्तकांच्या पेट्या जात. त्या काळी जे साधले ते आज असाध्य म्हणता येणार नाही.

आता शेवटचे सूत्र. एक मीटर फळीवर मध्यम जाडीची सुमारे ३० ते ३५ पुस्तके मावतात. शाखेने वर्षास ५०० पुस्तके घेतली तर दर वर्षी १५ मीटर नवी फळी हवी; दहा वर्षांत १५० मीटर. म्हणून इमारत बांधताना निम्म्याहून अधिक फळ्या रिकाम्या राहिल्या तर ती उधळपट्टी समजू नये. आपली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तेव्हा पाया तसा घ्यावा, नाही तर भिंतींना तडे जाऊन ओल पुस्तकांपर्यंत पोहोचते. वाचनकक्षाच्या मोठ्या खिडक्या उत्तरेस असाव्यात, म्हणजे उजेड येतो आणि ऊन येत नाही. स्पर्धा-परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या तरुणांसाठी स्वतंत्र दालन असावे. नाही तर पहाटेपासून सर्व खुर्च्या तेच अडवितात आणि वर्तमानपत्र वाचावयास आलेला वृद्ध उभाच राहतो.

पैशाचे काय, असे कोणी विचारील. परभणी हैदराबाद राज्यात होती तेव्हा, १९५५ मध्ये, त्या राज्याने ग्रंथालयांचा कायदा केला. त्यात ग्रंथालय-कराची तरतूद होती. पुढे १९६७ साली महाराष्ट्राचा कायदा झाला. त्यात असा कर नाही; मान्यताप्राप्त ग्रंथालयांस अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे अनुदान मिळते. अनुदानाने चालू संस्था तग धरते, परंतु नव्या वसाहतीत नवी शाखा त्यातून आपोआप उगवत नाही. त्यासाठी नगरपालिकेने आपल्या अंदाजपत्रकात दर वर्षी ठरावीक वाटा राखून ठेवला पाहिजे.

आणि पैशाच्याही आधी जागा हवी. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध होतो, तेव्हा ठरलेल्या मुदतीत कोणाही नागरिकास लेखी हरकती आणि सूचना देता येतात. शाळा, उद्यान ह्यांप्रमाणे ग्रंथालयासाठीही जागा राखून ठेवता येते. मात्र अंतिम आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत ती जागा संपादन झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरच्या मुदतीतही हालचाल न झाल्यास ते आरक्षण सुटते. नकाशावर रंगविलेले ग्रंथालय असे निसटून जाते, आणि त्या वेळी आपण कोणीच तेथे नसतो.

तेव्हा माझी विनंती एवढीच आहे. पुढचा आराखडा प्रसिद्ध होईल तेव्हा आपल्या वसाहतीचे पान उलगडून पाहा. ग्रंथालयाची जागा दिसली नाही तर चार शेजाऱ्यांच्या सह्यांनी एक अर्ज द्या. दिसली तर तिचे पुढे काय झाले ते दर वर्षी विचारीत राहा. माझ्या हातातल्या किल्लीने ज्या मुलांची पुस्तके अडली, ती मुले आता प्रौढ झाली असतील. त्यांच्या मुलांना तरी घराजवळ उघडे दार मिळावे.