पत्रातून येणारा विषाणू आणि घरचा संगणक

आपल्या अनेक माजी विद्यार्थ्यांच्या घरी आता संगणक आहे. कुणी पुण्याहून जुना विकत आणला, कुणाला मुलीच्या अभियांत्रिकी प्रवेशाबरोबर घ्यावा लागला. त्यात काय साठवलेले असते, याचा फारसा विचार होत नाही. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, गुणपत्रिका, सातबारा, महाडीबीटीवर भरलेल्या शिष्यवृत्ती अर्जाच्या प्रती आणि लग्नकार्यांची छायाचित्रे. ज्या कागदांसाठी आईवडिलांनी तहसील कचेरीत खेटे घातले, त्यांच्या प्रती ई-मेलबरोबर आलेली एक फाइल उघडल्याने नष्ट होऊ शकतात. हा विषय आम्ही या स्मरणिकेसाठी निवडला, तो याच कारणाने.

संगणकाचा विषाणू म्हणजे कुणीतरी लिहिलेला एक प्रोग्रॅम. तो चालवल्याशिवाय काही करत नाही. केवळ पत्र वाचल्याने सहसा अपाय होत नाही; त्यासोबतची फाइल उघडली किंवा आतल्या दुव्यावर बोट ठेवले, की तो कामाला लागतो. म्हणजे दार बहुधा आपणच उघडतो, आणि विषाणू लिहिणाऱ्याचे सारे कसब आपल्याला ते उघडायला लावण्यात असते.

याचे ठळक उदाहरण ४ मे २००० रोजी जगाने पाहिले. फिलिपाइन्समधून निघालेले ‘आय लव्ह यू’ या विषयाचे पत्र दिवसभरात खंडोखंडी पोहोचले. सोबतची फाइल साधे प्रेमपत्र भासत होती, कारण विंडोज फाइलच्या नावाचा शेवटचा भाग लपवून ठेवते. तो भाग होता ‘व्हीबीएस’, म्हणजे चालणारा प्रोग्रॅम. फाइल उघडताच तो संगणकातील छायाचित्रांच्या फाइलींवर स्वतःची प्रत लिहून त्या नष्ट करी आणि आउटलुकच्या वहीतील प्रत्येक पत्त्यावर स्वतःला धाडून देई. पुढच्या माणसाला ते पत्र ओळखीच्याच नावाने मिळे. म्हणून ‘अनोळखी पत्र उघडू नका’ हा नेहमीचा उपदेश आम्हांला अपुरा वाटतो. पत्र भावाचे असले तरी त्यातली फाइल भावानेच पाठवली आहे का, हे फोन करून विचारण्यात संकोच कसला? (आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला अंमलात आला, दुसऱ्याच्या संगणकात विषाणू सोडणे हा त्याखाली अपराध ठरतो.)

विंडोजमधील ही लपवाछपवी आजही तशीच आहे. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ यादीत ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ हा पर्याय आहे. तो एकदा चालू करावा. मग ‘शिष्यवृत्ती.पीडीएफ’ म्हणून आलेल्या फाइलीच्या शेवटी ‘ईएक्सई’, ‘जेएस’, ‘व्हीबीएस’ किंवा ‘एससीआर’ दिसले, तर ती कागद नव्हे, प्रोग्रॅम आहे हे ध्यानात येईल. वर्डची फाइल ‘एनेबल कंटेंट’ दाबायला सांगत असेल तर दाबू नये. झिप फाइल आणि तिचा पासवर्ड एकाच पत्रात आला असेल तर विशेष सावध व्हावे. कुलूप लावलेल्या फाइलीत विषाणुरोधकाला सहसा डोकावता येत नाही, म्हणूनच ही युक्ती योजतात.

विषाणुरोधकाचा विषय निघाला की पुण्याच्या क्विक हीलचा उल्लेख टाळता येत नाही. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे, दहावीनंतर शाळा सोडलेले कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून संगणक दुरुस्तीकडे वळले; विषाणूने बिघडलेले संगणक दुरुस्तीला येऊ लागले, तेव्हा धाकटे बंधू संजय यांनी त्यावर प्रोग्रॅम लिहिला आणि त्यातून नव्वदच्या दशकात ही कंपनी उभी राहिली. विंडोज १० व ११ मध्ये मात्र ‘डिफेंडर’ मुळातच असतो. तो चालू ठेवला तरी घरापुरते बरेच काम होते. चोरीच्या विंडोजवर चोरीचा विषाणुरोधक बसवण्यापेक्षा ते केव्हाही बरे. विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, हे जुना संगणक घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. खंडणीखोर विषाणू फाइली नष्ट करत नाही, कुलूपबंद करतो आणि किल्लीसाठी पैसे मागतो. पैसे दिल्यावर किल्ली मिळेलच याची हमी नसते. यावर खरा उपाय एकच, दुसरी प्रत. महिन्यातून एकदा सर्व कागद व छायाचित्रे वेगळ्या हार्डडिस्कवर उतरवावीत आणि ती लगेच काढून कपाटात ठेवावी. जोडलेलीच राहिली तर विषाणू तिलाही कुलूप लावतो.

इतके करूनही शंका आली, तर आधी इंटरनेट बंद करावे. ई-मेल व बँकेचे पासवर्ड त्या संगणकावरून नव्हे, दुसऱ्या यंत्रावरून बदलावेत. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी. रक्कम पुढे सरकण्याआधी बँकेला ती अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.