पहिला शॅमेलिऑन कोणता घ्यावा?

पहिला शॅमेलिऑन घेणारा माणूस बहुधा रंगावर भाळतो. मादागास्करचा पँथर शॅमेलिऑन पाहिल्यावर भाळणारच म्हणा! नोसी बे बेटावरचा नर निळा-हिरवा, अंबिलोबेकडचा तांबडे-निळे पट्टे मिरवणारा. मी मात्र आधी खोलीतला थर्मामीटर पाहायला सांगेन, तोही रात्रीचा.

तीन शिंगांचा जॅक्सन शॅमेलिऑन हे त्याचं कारण. तो केनियाच्या उंच डोंगरांतला, गार रात्रींना सरावलेला. १९७२ मध्ये हवाईतल्या एका दुकानदाराने केनियातून असे सरडे मागवले आणि प्रवासाने खंगलेल्या त्या जिवांना सावरायला बागेत सोडलं. दमट, सौम्य हवा मानवली आणि ते बेटावर पसरले. तोच प्राणी मुंबईच्या मे महिन्यात, रात्रीही न निवणाऱ्या फ्लॅटमध्ये झुरेल.

म्हणून नवख्यासाठी माझं मत येमेनी शॅमेलिऑनला. इंग्रजीत त्याला व्हेल्ड म्हणतात. येमेन आणि नैर्ऋत्य सौदी अरेबियातला, डोक्यावर उंच तुरा असलेला. दिवसाचं ऊन, रात्रीचा गारवा, दोन्ही सोसतो. स्वभावाने तिरसट, हात लावलात तर फुत्कारेल. पण घ्यायचा तो नरच. मादी नराशिवायही अंडी घालते, एका वेळी कित्येक डझन. खणायला ओलसर वाळू-मातीचं खोल भांडं नसेल, तर अंडी पोटातच अडकून ती दगावू शकते.

राहायला साधारण दोन फूट लांब-रुंद, चार फूट उंच जाळीचा पिंजरा. वर यूव्हीबी नळी लागते. ती नसेल तर कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडं वाकतात. नळीचा उजेड दिसत असला तरी तिच्यातली अतिनील किरणं कालांतराने क्षीण होतात, म्हणून ती ठरावीक मुदतीने बदलावी लागते. खाद्य म्हणजे कॅल्शियमची पूड लावलेले जिवंत नाकतोडे-रातकिडे. येमेनी गडी वर जास्वंदीची पानंही कुरतडतो.

खरी गोम पाण्यात आहे. वाटीतलं साचलेलं पाणी त्याला बहुधा पाणी वाटतच नाही. पानावरून थेंब ओघळू द्या: आधी एकच डोळा तिकडे वळतो, दुसरा अजून तुमच्यावर. मग मान हळूच पुढे येते आणि तो थेंब चाटतो. रोज सकाळी पाच मिनिटं हे पाहत थांबायची तयारी नसेल, तर मासे पाळावेत.

आपल्याकडचा घोयऱ्या सरडा पाळण्याचा विचारही नको. वन्यजीव संरक्षण कायद्याने तो संरक्षित आहे. परदेशी जातींचीही सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. विक्रेत्याकडे कागद मागा, रानातून धरलेला नको, पिंजऱ्यात जन्मलेलाच हवा. आणि दुकानात भरदुपारी जा. डोळे खोल गेलेला सरडा तहानलेला असतो, दिवसा डोळे मिटून बसलेला बहुतेक वेळा आजारी. दुकानदार म्हणेल, ‘झोपलाय.’