अंगाखालची हवा

1971 साली सिएटल शहराचं कंबरडं मोडलं होतं. बोइंगने हजारो माणसं घरी बसवली. त्यात जिम ली आणि नील अँडरसन हे दोन इंजिनिअरही होते. हाताला काम नव्हतं, पण एक प्रश्न डोक्यातून जात नव्हता: डोंगरातल्या मुक्कामात धड झोप का लागत नाही? त्यांचा गिर्यारोहक मित्र जॉन बरोजही त्याच दुखण्याने वैतागला होता. पातळ फोम अंथरला तर खडे टोचतात, जाड घ्यावा तर पाठीवर मावत नाही. तोंडाने फुगवायची गादी मऊ खरी, पण तिच्यातली हवा मोकळी फिरते, अंगाची ऊब जमिनीला देऊन टाकते आणि माणूस पहाटे कुडकुडत उठतो.

उत्तर सापडलं ते बागेत. ली गुडघ्याखाली फोमचा तुकडा घेऊन बागकाम करत होते. भार पडला की फोममधली हवा बाहेर जायची, गुडघा उचलला की फोम हवा ओढून पुन्हा वर यायचा. ही हवा आपल्या मर्जीने कोंडता आली तर?

फोम हवाबंद कापडात घालायचा, कोपऱ्यात झडप बसवायची. झडप उघडून गुंडाळी केली की हवा निघून जाते. मुक्कामी गुंडाळी सोडली की फोम स्वतःच हवा ओढून घेतो. त्याच्या बारीक पोकळ्यांत हवा अडकून राहते, म्हणून ऊबही टिकते. मेख होती ती चिकटवण्यात. कापड फोमला इंच न् इंच चिकटलं नाही, तर गादीला फुग्यासारखा फुगवटा येणार. त्यासाठी उष्णता आणि दाब एकदमच हवेत. त्यांनी चक्क एक जुनं सँडविच ग्रिल वापरलं! 1972 मध्ये कॅस्केड डिझाइन्स ही कंपनी उभी राहिली आणि पुढे ही गादी 'थर्म-अ-रेस्ट' नावाने बाजारात आली.

आपल्या डोंगरांतही दुखणं तेच. टिटवाळ्याहून कसारा लोकल धरली की आसनगाव, तिथून माहुली किल्ला. तिथल्या महादरवाजाच्या देवड्यांतला दगड पौषातल्या रात्री अंगातली ऊब ओढत राहतो. स्लीपिंग बॅग कितीही भारी असो, पाठीखाली ती चेपली जाते आणि तिच्यात हवा उरतच नाही. म्हणून खालचं अंथरूण वरच्या पांघरुणाइतकंच मोलाचं. काळू नदीकाठच्या भातशेतीत राखणीला झोपणारा शेतकरी अंगाखाली पेंढा पसरतो. भाताची काडी पोकळ असते. तिथेही कोंडलेली हवाच कामी येते.

ऊब किती अडते ते 'आर-व्हॅल्यू' सांगते. 2018 साली ती मोजायची एकच प्रमाण पद्धत ठरली, त्यानंतर दोन कंपन्यांच्या गाद्यांची खरी तुलना करता येऊ लागली. सह्याद्रीतल्या थंडीला 2 पुरते. हिमालयात बर्फावर 4 च्या पुढचीच घ्यावी. दोन थर एकावर एक टाकले की आकड्यांची सरळ बेरीज होते. माहुलीसाठी मी साधी फोमची कॅरीमॅटच सुचवेन: ती काट्याने फुटत नाही, पाणी पीत नाही, वजनाला हलकी आणि खिशाला परवडते. कुशीवर झोपणाऱ्याने मात्र जाड, हवेची गादी पाहावी, कारण सगळा भार खांद्यावर आणि कंबरेवर येतो. दुकानातच ती फरशीवर अंथरा आणि कुशीवर पडून पाहा. कंबरेचं हाड फरशीला टेकलं, तर दुसरी दाखवायला सांगा.