गुडघ्यातील इंजेक्शन : आराम किती, उपचार किती?

नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी येणारे कितीतरी निवृत्तिवेतनधारक शाखेची पायरी गुडघ्यावर हात ठेवून चढतात. वयपरत्वे गुडघ्यातील कूर्चा झिजते, सांधा सुजतो आणि ‘एखाद्या इंजेक्शनने भागेल का?’ असा प्रश्न साहजिकच उद्भवतो.

यांतील जुने व स्वस्त इंजेक्शन स्टेरॉइडचे. त्याने सांध्यातील दाह शमतो. आराम बहुधा काही आठवडे टिकतो. कर्जाच्या भाषेत सांगायचे तर हप्त्याला मुदत मिळते, मुद्दल तसेच राहते. क्वचित ते वाढतेही. अमेरिकेतील १४० रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. दर तीन महिन्यांनी, अशी दोन वर्षे स्टेरॉइड घेणाऱ्यांची कूर्चा सलाइनचे इंजेक्शन घेणाऱ्यांपेक्षा अधिक झिजली. वेदनेत मात्र लक्षणीय फरक नव्हता. मधुमेहींची रक्तशर्करा या इंजेक्शननंतर काही दिवस वाढू शकते, म्हणून डॉक्टरांना मधुमेहाची पूर्वकल्पना द्यावी.

‘वंगणाचे इंजेक्शन’ म्हणजे हायल्युरॉनिक ॲसिड. ते महाग असते, तरी अमेरिकेतील अस्थिशल्यविशारदांच्या अकादमीने २०२१ मध्ये त्याचा सरसकट वापर नको, असेच सुचविले. रुग्णाच्याच रक्तापासून केलेले पीआरपी त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील २८८ रुग्णांच्या चाचणीत सलाइनहून सरस ठरले नाही.

स्टेरॉइडने मिळालेल्या उसंतीत मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम सुरू करता येतो. तिचा खरा उपयोग तोच. सांधेरोपण ठरले असल्यास मात्र आधीचे तीन महिने इंजेक्शन टाळतात, कारण जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.